पाच खिळे, सहा पट्ट्या

१

एकतिसाव्या मजल्यावरून माणूस पडला आणि वाचला, असं फोनवर ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "मजले पुन्हा मोजा. कुणीतरी घाईत मोजलेत."

मोजणी बरोबर होती.

अपघात चौकशी खात्यात बावीस वर्षं मी फक्त पडलेली माणसं बघतोय. शिडीवरून पडलेली, परांचीवरून पडलेली, लिफ्टच्या खड्ड्यात गेलेली. खात्यात मला पडीक साहेब म्हणतात, आणि आता तोंडावरही म्हणतात. मला स्वतःला दुसऱ्या मजल्याच्या वर खिडकीशी उभं राहवत नाही, डोकं गरगरतं. हे मात्र खात्यात कुणाला ठाऊक नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

हकीगत अशी. चाळीस मजल्यांची काचेची इमारत. आग लागली, जिन्यात धूर भरला, लिफ्ट बंद पडली, तर वरच्या माणसांनी करायचं काय? एका छोट्या कारखान्याच्या मालकाने त्यावर तोडगा काढला होता. प्रत्येक मजल्यावर खिडकीशेजारी पिशव्या टांगायच्या आणि पिशवीत घडी घातलेली हवाई छत्री ठेवायची. पिशवी पाठीला लावायची, तिचा दोर भिंतीतल्या कडीला अडकवायचा आणि उडी घ्यायची. छत्री हाताने ओढून उघडायला इमारतीवरून वेळच मिळत नाही, म्हणून तो दोरच ती खेचून उघडतो.

मंजुरीआधी चाचणी ठरली होती. सकाळी अकराला आधी वाळूचा बाहुला सोडला. त्याची छत्री छान फुलली, तो डुलत डुलत खाली आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांनी कारखान्याच्या उडीवाल्याने स्वतः उडी घेतली. त्याची छत्री पिळलेल्या चादरीसारखी त्याच्यामागे फडफडत राहिली.

इमारतीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीचा मांडव होता आणि त्याखाली कचेऱ्यांतून काढलेल्या जुन्या गालिच्यांच्या गुंडाळ्या रचल्या होत्या. तो तिथे पडला. ताडपत्री फाटली, वासे मोडले, गालिचे दबले. लोक विचारतात, किती उंचावरून पडला. मी विचारतो, थांबायला जागा किती मिळाली. याला दीड पुरुष उंचीएवढी मिळाली, आणि छत्रीही एक तृतीयांश उघडली होती. कंबर गेली, दोन्ही पाय गेले, चार बरगड्या मोडल्या, पण जीव राहिला.

फाटकी छत्री जमिनीवर पसरली होती. तिच्या दोऱ्यांना तोंडाशी एक कापडी पट्टी बांधलेली होती आणि झटक्याने ती जराशी खाली सरकली होती. घडी घालताना दोऱ्या एकत्र राहाव्यात म्हणून ही पट्टी बांधतात आणि पिशवी बंद करण्याआधी सोडतात. इथे ती सोडलेलीच नव्हती. पिशवीच्या पाठीवर चिठ्ठी शिवली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरात एकच शब्द होता: धाकटा.

मी पोचेपर्यंत कारखान्याच्या घडीवालीने पोलिसांना लिहूनही दिलं होतं. "पट्टी काढायला विसरले. चूक माझी आहे." ही घडीवाली उडीवाल्याची सख्खी मावशी.

प्रकरण मी त्याच दिवशी मिटवलं असतं. पण इस्पितळातून निरोप आला की उडीवाला शुद्धीवर आलाय आणि चौकशीवाल्या साहेबांशिवाय कुणाशी बोलायला तयार नाही.

२

गळ्यापासून खाली तो प्लॅस्टरमध्ये होता. बोलताना धाप लागत होती, पण डोळ्यांत मिस्किलपणा शाबूत होता.

"तुम्हीच का ते पडीक साहेब? मग आपण एकाच धंद्यातले."

"बोल लवकर. डॉक्टरांनी पाच मिनिटं दिलीत."

"साहेब, मावशी विसरत नाही." त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, दादा नऊचा. आम्हाला हिने वाढवलं. घरातून निघाली की कोपऱ्यावरून परत येऊन गॅस बघते. आणि तो बंदच असतो, एकदाही उघडा राहिलेला नाही. ती बाई पट्टी विसरेल?"

"लिहून दिलंय तिने."

"तेच तर. आयुष्यात तिने कधी माझं चुकलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि आता तासाभरात लिहून देते? लोक उद्या म्हणतील, हिने स्वतःच्या भाच्याला मारलं असतं. पुन्हा कुणी तिला छत्रीला हात लावू देणार नाही. साहेब, तिची चूक नव्हती एवढं सिद्ध करा. माझ्या पायांचं काय व्हायचं ते होवो."

एवढ्या मोडलेल्या माणसाला नाही म्हणणं मला जमलं नाही. मी हो म्हटलं, आणि अजून त्याबद्दल स्वतःला शिव्या घालतो.

बाहेर बाकावर त्याचा दादा बसला होता. दोन दिवस जागा असल्यासारखा दिसत होता. तो उंच इमारतींच्या काचा धुणाऱ्या टोळीचा मुकादम. चाचणीच्या सकाळी कारखान्याच्या कडी लावणाऱ्या माणसाची कंबर धरली म्हणून मालकाने याला बोलावून घेतलं होतं.

"दोरांचं काम आपलं रोजचंच, म्हणून गेलो," तो म्हणाला. "दोन पिशव्या टेबलावर होत्या. तोंडाचा सीलबंद दोरा दोन्हींचा शाबूत, मी बोट फिरवून बघितला. वर नावं होती, वाचून चढवल्या. आमचा धाकटा त्या मोठ्या लोकांशी गप्पा हाणत उभा. मी मागून पट्टे आवळले, दोर कडीला लावला, दोनदा हिसका देऊन पाहिला."

"कडी निघाली नाही. मी बघितली."

"नक्की ना साहेब? कारण शेवटचा हात माझा होता हो. जा म्हणून पाठीवर थाप मीच मारली."

तुझ्या कडीने काही केलेलं नाही, असं मी त्याला दोनदा सांगितलं. तेव्हा कुठे तो रडला. मला मात्र त्याचं एक वाक्य बोचत होतं. दोरा शाबूत होता, म्हणजे पट्टी आत राहिली ती घडी घालतानाच. मावशीचा भाचा मला जे सिद्ध करायला सांगत होता, त्याच्या अगदी उलट दिशेला हे बोट दाखवत होतं.

३

कारखाना म्हणजे एक लांब खोली आणि तिच्यात तेवढंच लांब टेबल. मालक हडकुळा, चष्म्यातून टकमक बघणारा. गेल्या दोन दिवसांत जेवला नसावा.

"संशय माझ्यावर असेल तर सरळ सांगा," त्याने सुरुवातच अशी केली. "माझी दहा वर्षं गेली यात. मी कशाला माझीच छत्री पाडीन?"

"तुमच्यावर नाही. भिंतीवर आहे," मी म्हटलं.

टेबलामागच्या भिंतीत एका ओळीत पाच खिळे होते आणि प्रत्येकावर एक कापडी पट्टी लोंबत होती. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. छत्रीत सापडलेली पट्टी माझ्या बॅगेत होती.

"या पट्ट्या एकंदर किती?"

"पाच. कायम पाचच. घडी घालताना वापरायच्या आणि सोडली की तिच्या खिळ्याला अडकवायची. रोज संध्याकाळी मी खिळे मोजून वहीत सही करतो. एक खिळा रिकामा दिसला की त्या दिवसाची प्रत्येक पिशवी फोडायची, असा नियम आहे. नियम मावशींनीच घातला."

"चाचणीच्या आदल्या संध्याकाळी?"

"पाच. ही बघा सही." मग त्याचा आवाज बारीक झाला. "आणि म्हणूनच मला झोप नाही. पाच इथे होत्या तर ती तिथली आली कुठून?"

मला जागच्या जागी एक उडी मारावीशी वाटली, अर्थात जमिनीवरून जमिनीवर. मावशी विसरली असती तर एक खिळा रिकामा दिसला असता. खिळे भरलेले होते, म्हणजे आतली पट्टी सहावी. सहावी पट्टी कुणी विसरत नाही, ती मुद्दाम आणावी लागते. पोरगं बरोबर बोलत होतं, ही चूक नव्हतीच!

मी पाचही पट्ट्या हातात घेतल्या. चार काळपट, हाताच्या घामाने मऊ पडलेल्या. पाचवी कोरी, कडक, अजून खळ न गेलेल्या कापडाची. माझ्या बॅगेतली मात्र जुनी होती, त्या चारांची सख्खी बहीण. म्हणजे जुनी पट्टी छत्रीत गेली होती आणि तिच्या खिळ्यावर नवी आली होती. संध्याकाळची मोजणी बरोबर यावी याची कुणीतरी काळजी घेतली होती.

"या चाचणीवर वाईट डोळा कुणाचा होता?" मी विचारलं.

"त्या इमारतीच्या व्यवस्थापकाचा," मालक लगेच म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. आणि गेल्या आठवड्यात तो इथे येऊन गेला. एकटाच."

४

व्यवस्थापकाची कचेरी सव्विसाव्या मजल्यावर. मी खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली. हा माझा अपमान करतोय असं त्याला वाटलं असावं.

"हो, मी विरोधात होतो," तो टाय सारखा करत म्हणाला. "माझ्या भिंतींना भोकं पाडून कड्या ठोकल्या त्यांनी. शिवाय इथे माणसं कामाला येतात, उड्या मारायला नाही."

"कारखान्यात कशाला गेला होतात?"

"बघायला. त्या बाईने मला टेबलापासून चार हात लांब उभं केलं. काही उचलू दिलं नाही, शिंकूसुद्धा दिलं नाही. अहो, संशय घ्यायचा तर तिचा घ्या. डोकं फिरलेलं आहे तिचं."

"म्हणजे?"

"मी चाचणीला खालीच होतो. बाहुल्याची छत्री फुलली, सगळे टाळ्या पिटतायत, आणि ही किंचाळत दाराकडे पळाली. पास नाही म्हणून रखवालदाराने अडवलं, तर त्याला ढकलून दिलं. एवढा कसला आनंद?"

मी रखवालदाराला वर बोलावलं. त्याच्या कोपराला अजून पट्टी होती.

"आनंदानेच असेल साहेब," तो म्हणाला. "'धाकटा उघडला, धाकटा उघडला' असं ओरडत होत्या. मला काही कळेना. 'फोन कर, थांबव' असंही म्हणाल्या, पण टाळ्यांत नीट ऐकू आलं नाही. लिफ्टमध्ये घुसल्या. काचेची लिफ्ट बावीसवर होती तेव्हा उडीवाला समोरून खाली गेला, असं लिफ्टवाला सांगतो."

"तू नीट ऐकलंस? धाकट्याने तर तेव्हा उडीच मारली नव्हती."

"मी ऐकलं ते सांगितलं."

तिथूनच मी मालकाला फोन लावला. "तुमच्याकडे धाकटा कुणाला म्हणतात?"

"बाहुल्याला!" त्या अवस्थेतही तो हसला. "उडीवाल्याचीच थट्टा. म्हणायचा, जन्मभर घरात मी धाकटा, आता मला एक धाकटा मिळाला, आजपासून मी थोरला. तेव्हापासून पिशव्यांवरही तसंच लिहितो. उडीवाल्याची थोरला, बाहुल्याची धाकटा. सगळ्यांना पाठ आहे."

सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशी वर खिडकीशी पट्टे आवळणारा एक माणूस सोडून.

व्यवस्थापकाने कपाटातून बाहुल्याची पिशवी काढून टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: थोरला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. खिडकी माझ्या पाठीमागे होती, तरी डोकं गरगरलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपलं सामान न्यायला कारखान्यात आली. बारीक अंगाची, ताठ पाठीची बाई. मालकाला मी चहाला पाठवलं आणि टेबलाशी दोन स्टुलं ओढली.

"धाकट्याने काही खाल्लं का?" तिने आधी तेच विचारलं.

"घोटभर दूध. मावशी, पट्टी तुम्ही विसरलात?"

"लिहून दिलंय ना. विसरले."

"मग एक खिळा रिकामा हवा."

ती भिंतीकडे बघत राहिली. मी बॅगेतली पट्टी टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी ती कोरी पट्टी ठेवली.

"मालक रोज मोजतात, म्हणून तुम्हाला पाचव्या खिळ्यासाठी नवी शिवावी लागली. शिलाई मशीनला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. सील शाबूत होतं, म्हणजे जुनी आत गेली ती तुमच्याच हाताने. पण ती गेली बाहुल्याच्या पिशवीत. बाहुल्याची छत्री उघडली तेव्हा सगळ्या गर्दीत तुम्ही एकट्याच घाबरलात. कारण ती उघडायला नको होती. ती उघडली याचा अर्थ पिशव्या बदलल्या होत्या, हे तिथे फक्त तुम्हाला कळलं."

तिने पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं.

"वाळूच होती हो साहेब," ती शेवटी म्हणाली. "वाळूचं पोतं आपटलं असतं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मग कोण उडी मारू देतंय? तिथल्या तिथे काम बंद झालं असतं."

"का बंद पाडायचं होतं?"

"पुढची चाचणी चौदाव्या मजल्यावरून आहे. चौदाव्यावरून उघडायला जागाच नाही. मी ही छत्री हजार वेळा घडी घातलीय, मला कळतं ती किती वेळ घेते. मालकाला सांगितलं, म्हणाले हिशेबात बसतं. धाकट्याला सांगितलं, तर म्हणतो कसा, मावशी, तू घडी घातलीस तर स्टुलावरूनही उघडेल." तिचा आवाज फुटला. "माझ्या हातावर भरवसा ठेवून मरायला निघाला होता तो. मग मी काय करायचं होतं?"

मला तिचा भयंकर राग आला. आणि तिची दयाही आली, त्याच क्षणी. लिफ्टमध्ये उभी राहून आकडे बदलताना बघणारी ही बाई डोळ्यांसमोरून जाईना.

"दादा वर खिडकीशी आहे हे मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "घरी धाकटा म्हणजे धाकटाच, दुसरा कोण? त्याने वाचलं आणि दिलं. साहेब, त्याला कळू देऊ नका. म्हणून तर लगेच लिहून दिलं मी. चूक म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही, कुठली पिशवी, कुणी चढवली."

"मग चूक असं लिहू?" मी विचारलं. "लिहिता येईल. तुम्हाला घरी पाठवतील. दुसरी घडीवाली येईल. चौदाव्याची तारीख ठरलेली आहे आणि मालकाने उडी घेणारा नवा माणूसही ठरवलाय. दोन मुलींचा बाप आहे."

तिने झटकन वर बघितलं.

"आणि खरं लिहिलं तर?"

"खरं लिहिलं तर सगळ्या पिशव्या जप्त. तुमचं चौदाव्याचं म्हणणं अहवालात जाईल, तज्ज्ञांना ते तपासावं लागेल. तोवर एकही उडी नाही. पण तुम्ही तुरुंगात जाल. आणि दादाला कळेल."

ती उठली. कोरी पट्टी उचलून तिने आपल्या पिशवीत टाकली, मग थबकली आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवली. पुरावा होता ना तो.

"खरं लिहा," ती म्हणाली. "पोरांना मात्र मी सांगते. तुम्ही आधी बोलू नका."

६

दुपारी मी इस्पितळात गेलो तेव्हा दादा भावाच्या उशाशी बसून त्याला चमच्याने पाणी पाजत होता. मला बघताच उडीवाल्याने मान वळवली. तेवढंच त्याला वळवता येत होतं.

"काय निघालं साहेब? चूक होती तिची?"

मी वचन दोघांना दिलं होतं, एक त्याला आणि एक तिला. दोन्ही पाळायची तर बोलायला मोजकेच शब्द उरत होते.

"नाही," मी म्हटलं. "चूक नव्हती. मोजमाप करून सिद्ध झालंय."

त्याचा चेहरा असा उजळला की मला भिंतीकडे बघावं लागलं. "दादा, ऐकलंस? मी काय म्हणत होतो! आपली मावशी विसरणारी नाहीच." दादाही हसला. चमच्यातलं पाणी चादरीवर सांडलं तरी हसत राहिला. "बिचारीने उगाच स्वतःवर घेतलं," तो म्हणाला. "बोलवा हो तिला कुणीतरी."

ती दारातच उभी होती. मागे एक महिला पोलीस होती, ती भिंतीला टेकून बाहेरच थांबली. मावशी आत आली, धाकट्याच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि दादाच्या हातातला चमचा काढून ताटलीत ठेवला.

"साहेब बोलले ते खरं आहे रे," ती म्हणाली. "आता उरलेलं माझ्याकडून ऐका. दादा, तू माझ्याजवळ बस. हात दे इकडे."

मी बाहेर येऊन दार लावलं आणि बाकावर बसलो. महिला पोलिसाने विचारलं, किती वेळ लागेल. मी म्हटलं, लागेल तेवढा द्या.

आतून मावशीचा आवाज येत होता, हळू, एकसारखा. मग तो थांबला. आणि दादाचा आवाज आला. माणूस पडताना जसा ओरडतो तसा.